स्क्रॅपबुकमधला खडूचा रंग समोरच्या पानाला लागत असेल तर

अंबाबाईच्या किरणोत्सवाचं पान. फोटोभोवती केशरी-पिवळी झळाळी खडूने केली होती. वही मिटली की तोच रंग समोरच्या पानावर आणि मूळ जागी नुसता डाग. जीव मेटाकुटीला आला.

हेअरस्प्रे मारला, तर कागद चिकट झाला. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं, तर स्थिर विजेमुळे भुकटी प्लॅस्टिकलाच चिकटली. गुळगुळीत, चकचकीत कार्डशीटवर खडू मुळात धरतच नाही. त्याला कागदाचा खरखरीतपणा लागतो.

जमलं ते असं. खरखरीत हँडमेड कागद घेतला. फळ्यावरचा खडू सोडून सॉफ्ट पेस्टल घेतले, कारण त्यात रंगद्रव्य भरपूर असतं. कांडी थेट कागदावर न घासता ब्लेडने वाटीत थोडी भुकटी पाडली. कापसाच्या काडीने ती गोल-गोल, हलक्या हाताने जिरवली. आधी पिवळा, मग कडेने केशरी. पान उभं धरून मागून टिचक्या मारल्या आणि सुटी भुकटी झाडली. फुंकर अजिबात नको, थुंकीचा थेंब पडला की डाग कायमचा.

मग गच्चीवर, मोकळ्या हवेत, साधारण ३० सेंटीमीटरवरून फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग कागदावर धरून ठेवणाऱ्या स्प्रेचा, अगदी पातळ फवारा. पूर्ण वाळल्यावर दुसरा. एकदम जाड मारला तर रंग काळवंडतो. थोडा गडद तरी होतोच, म्हणून रंग आधीच एक छटा फिका ठेवा. फोटो सगळ्यात शेवटी चिकटवा. दोन पानांमध्ये बटर पेपर मात्र हवाच, कारण फिक्सेटिव्ह लावूनही जोरात घासलं तर थोडा रंग सुटतो.