गावाची गाऱ्हाणी ब्राउझरमध्येच कशी रेकॉर्ड करावी, कशी अपलोड करावी

मालवण-वेंगुर्ल्याकडची गाऱ्हाणी (तक्रारी नव्हेत, देवापुढे गावाच्या वतीने घातलेलं साकडं), जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या तर गावकऱ्यांना नवं ॲप उतरवायला लावू नका. एक साधं वेबपान पुरतं: बटण दाबा, बोला, पाठवा. ज्याला थोडंफार जावास्क्रिप्ट येतं त्याला ते जमेल.

पान एचटीटीपीएसवरच (सुरक्षित, https:// ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर) ठेवा, नाहीतर ब्राउझर माइक देत नाही. (स्वतःच्या कॉम्प्युटरवर चाचणी करताना लोकलहोस्टला सूट आहे.) माइकची परवानगी बटण दाबल्यावरच मागा. पान उघडताक्षणी विचारलं तर माणूस बिचकून ‘नको’ म्हणतो, आणि मग त्याला सेटिंगमध्ये शिरावं लागतं.

ब्राउझरच्या ‘गेट-यूझर-मीडिया’ (getUserMedia) या फंक्शनने माइक घेताना नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणं), इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) हे तिन्ही बंद करा. ही सोय फोनवरच्या बोलण्यासाठी चांगली. गाऱ्हाण्यात मात्र एकजण बोलतो आणि मागून सगळे ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात, तो मागचा आवाजच गोंगाट समजून दाबला जाऊ शकतो. ढोलाचंही तेच.

आता खरी डोकेदुखी. रेकॉर्डिंगसाठी ब्राउझरमध्येच ‘मीडिया-रेकॉर्डर’ (MediaRecorder) ही सोय असते, सफारीतही ती २०२१पर्यंत आली. पण फाइल कुठल्या स्वरूपात निघेल ते सगळीकडे सारखं नाही. क्रोम वेबएम प्रकारच्या फाइलमध्ये ओपस पद्धतीने दाबलेला आवाज देतो, आयफोनवर बहुधा एमपी४ फाइलमध्ये एएसी पद्धतीचा मिळतो. म्हणून कुठलं स्वरूप चालेल ते ‘इज-टाइप-सपोर्टेड’ने (isTypeSupported) ब्राउझरला आधी विचारा, जे मिळेल ते घ्या आणि फाइलसोबत तिचा खरा प्रकार सर्व्हरला कळवा. नावापुढे ‘.एमपी३’ चिकटवल्याने फाइल एमपी३ होत नाही! सर्व्हरवर एफएफएमपेग (FFmpeg) या रूपांतराच्या प्रोग्रामने सगळ्यांचं एकच स्वरूप करा, मूळ फाइलही जपा. क्रोमच्या वेबएममध्ये बऱ्याचदा एकूण वेळेची नोंद नसते, त्यामुळे ऐकताना प्लेअरची पट्टी पुढेमागे सरकत नाही. तेही या रूपांतरात सुटतं.

बिटरेट (सेकंदाला किती डेटा) बोलण्याला ३२ केबीपीएस पुरे, म्हणजे मिनिटाला साधारण २४० केबी. तेच ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह (न दाबलेली फाइल) केलं तर मिनिटाला पावणेसहा एमबी. गाण्याला ६४ ठेवा.

घाटाखालच्या वाडीत, त्यातून पावसाळ्यात, रेंजचा भरवसा धरू नका. रेकॉर्डर सुरू करतानाच पाच सेकंदांचे तुकडे मागा आणि प्रत्येक तुकडा इंडेक्स्डडीबीत (IndexedDB, फोनवरच डेटा साठवायची ब्राउझरची जागा) ठेवत जा. हेडर (फाइल कशी वाचायची ती सुरुवातीची माहिती) फक्त पहिल्या तुकड्यात असतं, त्यामुळे पुढचे तुकडे सुटे वाजत नाहीत. ओळीने जोडूनच फाइल बनवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा क्रमांक द्या, म्हणजे रेंज आल्यावर दोनदा गेलं तरी सर्व्हरवर एकच राहील. ‘मिळालं’ असं उत्तर येईपर्यंत फोनवरची प्रत पुसू नका.

पाठवण्याआधी ऐकून बघायचं बटण आणि संमतीची चौकट हवीच. प्रत्येक गाऱ्हाणं जगाला ऐकवायचं नसतं, ते देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारा.

जुन्या फोनवर यातलं काहीच चाललं नाही, तर फाइल निवडायचं साधं बटण ठेवा. फोनच्या रेकॉर्डरमध्ये टिपलेलं तिथून चढवता येतं, आणि सर्व्हर तेही त्याच एफएफएमपेगच्या चाळणीतून काढतो.