चिखल्या दिसतात, पण केओएच तपासणी निगेटिव्ह येते : काय बदललं

बोटांच्या बेचक्यात चिखल्या स्पष्ट, खाजही आहे, तरी केओएच तपासणीत (खरवडलेली कातडी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) स्लाइडवर बुरशी सापडेना. द्रावण नवं केलं, स्लाइड जास्त वेळ ठेवली, फरक शून्य. अक्षरशः डोकं धरायची वेळ आली.

चूक नमुन्यात होती. पांढरी, भिजलेली कातडीच खरवडली जात होती, आणि रुग्ण मलम लावून येत होते.

आता क्रम असा. बुरशीनाशक मलम किमान २ आठवडे बंद. जागा ७०% अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायची. भिजलेली कातडी बाजूला सारून, कडेचा कोरडा पापुद्रा १५ नंबरच्या ब्लेडने काळ्या कागदावर खरवडायचा. काळ्यावर किती आला ते नीट दिसतं. त्यातला थोडा १०% केओएचच्या थेंबात, वर कव्हरस्लिप (पातळ काच), १५-२० मिनिटं थांबायचं. तापवलंच तर हलकं. उकळलं की स्फटिक होतात. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली, प्रकाश कमी, आधी १०एक्स भिंग, मग ४०एक्स. पेशींच्या सीमा ओलांडून जाणारे, आडपडद्यांचे, फांद्या फुटलेले तंतू म्हणजे बुरशी. पेशींच्या कडेकडेनेच वळणारी जाळी फसवी.

उरलेला नमुना कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, सॅबुरो या पोषक माध्यमावर, २५-३० अंश सेल्सिअसला. कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४ आठवडे थांबायचंच.