गाय बरी झाली, दूध नाही: गोठ्यातल्या औषधांच्या या चुका टाळा

दगडी (कासेची सूज) झालेल्या सडात औषधाच्या तीन ट्यूबा सोडल्या, चौथ्या दिवशी गाठी गेल्या, सूज उतरली आणि पाचव्या दिवशी दूध केंद्रावर पोचलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आता चांगलं दिसतंय की!" दिसणारच. ट्यूबमधल्या पेनिसिलिन या प्रतिजैविकाला रंग नाही, वास नाही, आणि फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) दाखवणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. गाय बरी झाल्याची तारीख वेगळी आणि दूध औषधापासून मोकळं झाल्याची वेगळी. दुसरी तारीख फक्त लेबल वाचणाऱ्याला कळते.

"टँकरात आपलं दहा लिटर कुठं कळणार?" हा समज सगळ्यांत चिवट. हिशोबच करू. एका ट्यूबमध्ये ३ लाख युनिट पेनिसिलिन धरा. एक युनिट ०.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ट्यूबमध्ये १८० मिलिग्रॅम. दुधात या औषधाची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) कमाल मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम. ट्यूबमधलं निम्मं औषध जरी धारेतून बाहेर आलं, तरी साडेबावीस हजार लिटर दूध मर्यादेला टेकतं. एक ट्यूब, एक गाय, आख्खा टँकर.

पुढचा तमाशा दरवेळी त्याच क्रमानं होतो. दूध बल्क कूलरमध्ये (केंद्रावरच्या थंड टाकीत) शंभर जणांच्या दुधात मिसळतं, तिथून टँकरमध्ये. प्लँटवर नमुना जांभळ्या रंगाच्या चाचणीत घालून ६४ अंशांवर साधारण तीन तास ठेवतात. त्यात उष्णता सहन करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असतात. दूध स्वच्छ असेल तर ते वाढतात, आम्ल तयार होतं आणि रंग पिवळा पडतो. प्रतिजैविक असेल तर जिवाणू वाढत नाहीत, जांभळा तसाच राहतो. मग टँकर परत, आणि गावात प्रत्येकाच्या नमुन्याची झडती. चाचणीतून निसटलंच, तर दह्याचं विरजण लागत नाही आणि प्लँटवाले आठवडाभर कल्चरला, म्हणजे विरजणाच्या जिवाणूंना, शिव्या घालत बसतात. उकळून भागेल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं: उकळीनं पेनिसिलिनचा बहुतांश भाग शाबूत राहतो.

दिवस मोजतानाचे घोळ

दूध बाजूला ठेवायच्या दिवसांची मोजणी शेवटच्या ट्यूबपासून किंवा शेवटच्या इंजेक्शनपासून सुरू होते. पहिल्यापासून मोजणारे निम्मे लोक तरी भेटतात. लेबलवर ७२ तास असतील आणि शेवटची ट्यूब सोमवारी संध्याकाळी सहाला सोडली असेल, तर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आधीची कुठलीही धार केंद्रावर जाणार नाही. गुरुवार सकाळची तर नाहीच.

लेबलवर दिवस छापलेले नसले तर अनेक जण ते शून्य धरतात. उलट आहे. २०१२ पासून नियम असा, की औषधासाठी वेगळा कालावधी ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरायचे. माशांसाठी ५०० अंश-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस), म्हणजे २५ अंश पाण्यात २० दिवस.

आजारी सड एकच होता म्हणून बाकी तीन सडांचं दूध घालणं हीसुद्धा चूकच. औषध कासेतून रक्तात जातं आणि रक्तातून उरलेल्या सडांत उतरतं. चारही सडांचं दूध बाजूला.

आणि ते "शून्य दिवसांचं" इंजेक्शन! काही औषधांच्या लेबलवर दुधासाठी शून्य असतं, म्हणून घाईतल्या मंडळींना तेवढंच हवं असतं. तो शून्य लेबलवरच्या मात्रेला, लेबलवरच्या मार्गानं दिलं तरच खरा. मात्रा दुप्पट केली किंवा मांसात द्यायचं औषध सिरिंजनं सडात पिचकारलं, की तो आकडा तिथेच रद्द. वर त्या औषधाचा कासेत उपयोग होईलच असं नाही, आणि निर्जंतुक न ठेवलेल्या सिरिंजबरोबर यीस्ट आत गेलं तर ती दगडी कुठल्याच प्रतिजैविकाला दाद देत नाही.

गाय आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) सोडायची ट्यूब वेगळी असते आणि तिचं औषध आठवडेच्या आठवडे कासेत राहतं. ती दुभत्या गाईला सोडणं म्हणजे महिन्याभराचं दूध घालवणं. गाय वेळेआधी व्यायली तर आटवल्याची तारीख काढून दिवस पुन्हा मोजा.

बाजूला काढलेलं दूध वासराला पाजू नका. थोड्या-थोड्या मात्रेत रोज प्रतिजैविक मिळालेल्या वासराच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. खड्ड्यात ओता. जीव तुटतो, कबूल आहे.

सवय एकच लावा. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी, आणि भिंतीवर खडूनं औषध, सड, शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ. तिची धार सगळ्यांत शेवटी, वेगळ्या बादलीत. वही नको, वही कपाटात जाते. धार काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंत असते.

ट्यूब सोडताना: स्पिरिटचा बोळा लांबच्या सडांपासून जवळच्या सडांकडे, ट्यूब मात्र जवळच्या सडापासून लांबच्याकडे, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. टोक जेमतेम आत. एक ट्यूब दोन सडांत वाटायची नाही.

माणसांचं डायक्लोफेनॅक गाईला

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते गाईला देण्याच्या चुकीची किंमत अख्ख्या उपखंडानं मोजली आहे, तरी मेडिकलमधून "गाईला ताप आलाय, वेदनेचं द्या" म्हणून कुपी नेणारे आहेतच. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं, आणि गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक आम्लाचा पांढरा थर यकृतावर, हृदयावर चढतो. काही दिवसांत पक्षी मान टाकतो. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली होती.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं. लोकांनी पळवाट काढली: माणसांची ३० मिलीची कुपी. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही एका डोसपुरतं, ३ मिलीपुरतं मर्यादित केलं. मोठ्या जनावराला चार ते दहा अँप्यूल फोडावे लागले, की स्वस्ताई संपते. बंदीच्या फतव्यापेक्षा ही युक्ती हुशार होती.

"मग किटोप्रोफेन (दुसरं वेदनाशामक) देतो" म्हणू नका. ते आणि अॅसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झालं, पुढे निमेसुलाइडही. गिधाडांना धोका नसलेलं म्हणजे मेलॉक्सिकॅम: किलोला ०.५ मिलिग्रॅम. ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ५ मिलिग्रॅमच्या कुपीतून ३० मिली. हे पाहून "एवढं?" म्हणत दहा मिलीवर थांबायचं आणि मग औषध भिकार ठरवायचं, हा प्रकार रोजचा. उपचार चालू असताना जनावर दगावलं तर पुरून टाका, माळावर नको.

किती मिली द्यायचं हे वजनावर ठरतं, आणि वजन डोळ्यांनी ठरवणारे शंभर किलोंची चूक सहज करतात. टेप घ्या. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत, भागिले ६६०. घेर ७२, लांबी ६०, तर साधारण ४७० किलो. म्हशीला हा आकडा इतका नेमका बसत नाही.

आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) १ टक्का: ५० किलोला १ मिली, कातडीखाली. दुभत्या गाईला नाही, कारण चरबीत साठून दुधात दीर्घकाळ उतरत राहतं.

कोलिस्टिन हे प्रतिजैविक मिसळलेलं खाद्य किंवा पावडर घरात असेल तर टाकून द्या, खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना ते २०१९ पासून बंद आहे.

लाळ्या-खुरकूतची लस २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाला चिकटवू नका. गोठून वितळलेली तेलकट लस टोचली की गाठ येते, संरक्षण मिळत नाही. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ ती कधी ठेवायची नाही. दारातही नको, दर उघडझापीला तिथलं तापमान वर जातं. मधल्या फळीवर, आतल्या बाजूला, शेजारी थर्मामीटर.