जुन्या करोलातील एअर फ्लो सेन्सर: निदान आणि कमी खर्चातील बदल

गाडीचे पिकअप गेले, अ‍ॅव्हरेज घसरले आणि चेक इंजिनचा दिवा लागला की ‘एअर फ्लो सेन्सर गेला’ हे निदान गॅरेजमध्ये पटकन ऐकायला मिळते. ते कधी कधी खरेही असते. परंतु काढून टाकलेला सेन्सर पुष्कळदा नुसता मळलेला असतो आणि खरा दोष भलतीकडेच असतो. म्हणून नवा भाग घेण्यापूर्वी फुकटातल्या तपासण्या उरकून घ्याव्यात.

मुळात इंजिनात जाणारी हवा मोजणारा हा सेन्सर आपल्या गाडीत आहे का, हे आधी पाहावे. जुनी अल्टो किंवा वॅगन आर यांसारख्या लहान पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि त्यांना पुढील विवेचन लागू पडत नाही. येथे २००३ साली भारतात आलेली १.८ लिटरची पेट्रोल टोयोटा करोला उदाहरणादाखल घेतली आहे. तिचा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणाऱ्या नळीवर, दोन स्क्रूंनी बसवलेला, पाच तारांचा असतो. आत विजेने तापवलेली बारीक तार असते. जाणारी हवा तिला थंड करते आणि ती तापलेली ठेवण्यासाठी किती वीज लागते, यावरून हवेचे वजन ठरते. तारेवर धुळीचा थर बसला की हवा कमी मोजली जाते, इंजिनाचा संगणक पेट्रोलही कमी सोडतो आणि चढावर गाडी दम टाकते.

बॉनेट उघडल्यावर प्रथम एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतचा) रबरी होज हाताने वाकवून, त्याच्या घड्यांमध्ये चीर आहे का ते पाहावे. सेन्सरच्या पुढे आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि लक्षणे हुबेहूब सेन्सर बिघडल्यासारखी दिसतात. सेन्सरला जोडलेल्या प्लगच्या, म्हणजे कपलरच्या, तारा उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ही शंका मुळीच अतिरंजित नाही.

यानंतर गाडीच्या संगणकातील आकडे फोनवर दाखवणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर जोडून फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण सावरण्यासाठी संगणक किती टक्के पेट्रोल वाढवत किंवा घटवत आहे तो आकडा, पाहावा, कारण खरे उत्तर बहुधा तिथेच मिळते. पी०१७१ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सांगतो, कारण सांगत नाही. इंजिन गरम करून ट्रिमचे आकडे आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला वाचावेत. आयडलिंगला अधिक २० टक्क्यांच्या आसपास असलेला ट्रिम आरपीएम वाढवताच खाली आला, तर कुठून तरी हवा गळत आहे असे समजावे. उलट आयडलिंगला ठीक असलेला ट्रिम वेग आणि भार वाढेल तसा चढत गेला, तर संशय सेन्सरवर जातो. मात्र चोंदलेला पेट्रोल फिल्टर किंवा थकलेला पंपही असेच चित्र दाखवतो. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर शेजारी बसलेल्या व्यक्तीला स्कॅनर पाहायला सांगून, दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. ५००० आरपीएमला या इंजिनाने सेकंदाला साधारण ७० ग्रॅम हवा ओढायला हवी. एअर फिल्टर स्वच्छ असूनही आकडा ५०च्या आत अडकत असेल, तर सेन्सर कमी मोजत आहे. स्कॅनर जोडला जात नसेल, तर इंजिन बंद करून कपलर काढावा आणि पुन्हा चालू करून पाहावे. गाडी आधीपेक्षा बरी चालली, तर तोही सेन्सरविरुद्धचा पुरावाच आहे.

त्यानंतरही लगेच नवा घेऊ नये. काहीशे रुपयांत मिळणारा एअर फ्लो सेन्सर क्लीनर आणावा. कार्ब्युरेटर क्लीनर चालत नाही. इंजिन थंड झाल्यावर, किल्ली काढून, नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू सोडवावेत, कारण त्यांची डोकी लवकर झिजतात. सेन्सर सरळ वर ओढून त्याच्या तोंडात थोड्या अंतरावरून दहा-बारा फवारे मारावेत. तारेला कापूस, ब्रश, बोट किंवा कॉम्प्रेसरची हवा यांपैकी काहीही लावू नये. पूर्ण वाळल्यावरच तो परत बसवावा. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरात असेल तर तो काढून साधा कागदी फिल्टर टाकावा, अन्यथा तारेवर पुन्हा तेल चढेल.

सफाईनंतरही आकडे सुधारले नाहीत, तर बदल अटळ आहे. बदली सेन्सरवरील क्रमांक जुन्यावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळायला हवा. दिसायला सारखाच असलेला दुसऱ्या टोयोटाचा सेन्सर व्यवस्थित बसला, तरी वेगळ्या व्यासाच्या नळीसाठी जुळवलेला असल्यास चुकीचे मोजतो. कंपनीचा नवा भाग महाग वाटला, तर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात मूळ गाडीतून काढलेला वापरलेला सेन्सर शोधावा. अनोळखी नाममुद्रेच्या नव्या सेन्सरपेक्षा मी असा मूळ सेन्सरच पसंत करीन, कारण स्वस्त नकलांची मोजणी बेभरवशाची असते आणि नामांकित कंपनीच्या खोक्यातही नक्कल सापडते. विक्रेत्याकडून परतीची मुदत मात्र आधी ठरवून, बिलावर लिहून घ्यावी. दुकानातच मल्टिमीटरने सेन्सरमध्येच असलेल्या, हवेचे तापमान मोजणाऱ्या भागाच्या दोन पिनांमधील रोध मोजावा; २० अंशांना तो अडीच किलोओमच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात त्याहून कमी भरतो. हा भाग मेलेला निघाला, तर तो सेन्सर तिथेच नाकारावा.

बसवताना रबरी रिंग फाटलेली नाही याची खात्री करावी आणि स्क्रू प्लास्टिकमध्ये बेताने आवळावेत. स्कॅनरने जुना कोड पुसून दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवावी आणि ट्रिम पुन्हा वाचावा. तो उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत स्थिरावला नाही, तर परतीची मुदत संपण्यापूर्वी पेट्रोलचा दाब मोजून घ्यावा.