दुसऱ्याच्या ऑर्डरीवर आपलं कार्ड वाटू नका! फोटोग्राफीच्या धंद्यात या चुका टाळा

तुळशीचं लग्न उरकलं की आमच्या अंबाजोगाईत फोन सुरू होतात. "अमुक तारखेला मोकळा आहेस का?" असं विचारणारी गिऱ्हाईकं कमी, फोटोग्राफरच जास्त. दाट तिथीला एकेका स्टुडिओकडे तीन-तीन लग्नं असतात आणि कॅमेरा धरणारी माणसं दोन. मग केज, परळी, धारूर, रेणापूर, जिथून मिळतील तिथून माणसं गोळा करायची. माझ्या चांगल्या ऑर्डरी कुठून आल्या हे मागं वळून बघितलं, तर बॅनरवरून आलेल्या थोड्याच. बाकीच्या कुणा फोटोग्राफरनं, मंडपवाल्यानं, नाहीतर कार्यालयाच्या मॅनेजरनं दिलेल्या. म्हणून लेन्स कोणती घ्यावी यापेक्षा ही माणसं कशानं तुटतात, ते लिहितो.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय. लातूरच्या एका सीनियरच्या ऑर्डरीवर कॅन्डिडला, म्हणजे पोझ न देता सहज टिपायच्या फोटोंना, गेलो होतो. नवरीच्या मामेबहिणीला फोटो आवडले, तिनं नंबर मागितला, मी खिशातलं कार्ड काढून दिलं. आठ दिवसांत तिच्या साखरपुड्याची ऑर्डर माझ्याकडं आली. खूश झालो. सीनियर काहीच बोलले नाहीत, पण पुढचा अख्खा सीझन त्यांचा फोन आला नाही. का ते मला दिवाळीत कळलं, तेही तिसऱ्याच्या तोंडून: "तुमचा पोरगा माझ्या ऑर्डरीत कार्ड वाटायलाय," असं ते माझ्या उस्तादांना म्हणाले होते. शेवटी लातूरला जाऊन समोर बसलो आणि चुकलो म्हणालो. साखरपुड्याच्या पैशातला वाटा पुढं केला, तो त्यांनी हातानं मागं सारला. "पैसे ठेव. मला एक फोन तरी करायचा होतास की." पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्यांचा फोन आला.

तेव्हापासून माझा रिवाज ठरलाय. ऑर्डर ज्याची, नाव आणि नंबर त्याचा. पाहुण्यांनी विचारलं तर त्याचाच नंबर द्यायचा. कुणी नंतर शोधत माझ्यापर्यंत आलंच, तर अॅडव्हान्स घेण्याआधी त्याला फोन. "घे तू, माझी तारीख भरलीय," असं तो बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो. असं तुमच्या हातून होऊन गेलं असेल तर मेसेजवर माफी मागू नका. गाडी काढा आणि जा.

कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाचंही तसंच आहे. दुसऱ्यासाठी शूट केलं असेल तर कार्यालय सोडण्याआधी त्याच्या लॅपटॉपवर कॉपी द्या, फाइली उघडून दाखवा, आणि तो "आलं सगळं" म्हणेपर्यंत आपलं कार्ड फॉरमॅट करू नका. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीकडं रेकॉर्डिंग लावा. सप्तपदी पुन्हा होत नाही.

पैशाची चूक लहान दिसते आणि तीच जास्त माणसं तोडते. "पार्टीचे पैसे आले की देतो" हे वाक्य मिक्सिंगवाल्याला, म्हणजे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला, सांगणारे ढीगभर आहेत. पार्टी तुमची आहे, त्याची नाही. त्यानं चार रात्री जागून लग्नाचा छोटा हायलाइट व्हिडिओ कापलाय, वर नवरदेवाच्या मित्रांनी सुचवलेली गाणी तीनदा बदललीत. मी आता अॅडव्हान्स आला की त्यातूनच दुसऱ्या कॅमेरामनचे आणि मिक्सिंगचे पैसे बाजूला काढतो. गिऱ्हाईक उरलेली रक्कम अल्बम नेताना देतं, आणि अल्बम न्यायला कधी कधी बाळाच्या बारशालाच येतं! त्याची शिक्षा सोबत काम करणाऱ्याला कशाला?

कार्यालयात शिरल्यावर गुरुजींना नमस्कार न करता लाइट लावणारे फोटोग्राफर मी बघितलेत. मग ऐन कन्यादानात "गुरुजी, जरा थांबा" म्हणायची वेळ येते आणि गुरुजी थांबत नाहीत. मुहूर्त बारा पस्तीसचा, वाजलेले असतात दीड, त्यांना पुढचं लग्न गाठायचं असतं. आधी पाच मिनिटं बसून विचारा: कन्यादान कोणत्या बाजूला, मंगळसूत्र कधी, विधी पूर्ण की थोडक्यात. बोहल्यावर बूट घालून चढू नका. आमच्याकडचे एक गुरुजी आता मंगळसूत्र हातात घेतलं की आधी माझ्याकडं बघतात. आचाऱ्याशी बोलणं असेल तर चार वाजता गरम भाजी मिळते, हा वेगळाच फायदा.

आता फोटो देण्याघेण्याचं. स्टेजवाला, मेकअपवाली, मेहंदीवाली सगळ्यांना आपल्या कामाचे फोटो हवे असतात. काही जण देतच नाहीत, हा कद्रूपणा झाला. दहा फोटो दिल्यानं आपलं काही जात नाही, उलट पुढच्या लग्नात ती माणसं आपलं नाव घेतात. पण विचारल्याशिवाय देणं त्याहून वाईट. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणी आपल्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे नवरीचा फोटो पार्लरच्या फ्लेक्सवर लागला आणि तिच्या काकांनी जाब विचारला, तर तुम्ही आणि पार्लरवाली दोघंही अडचणीत, शिवाय एकमेकांवर नाराज. उपाय साधा आहे. ऑर्डर फॉर्मवर एक ओळ टाका: कोणते फोटो जाहिरातीला वापरायचे, कोण वापरणार. सही घ्या. नको म्हणाले तर नको.

ड्रोनवाल्याला ऑर्डर देताना नुसता भाव विचारू नका, कागदही विचारा. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर धंद्यासाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवायचं प्रमाणपत्र, लागतं. तारीख पक्की करायच्या आधी हे बघितलं तर वरातीत वाद होत नाही. संभाजीनगरात चिकलठाण्याच्या आसपास लग्न असेल तर विमानतळ जवळ, म्हणून ड्रोन कुठं उडवता येतो हे दाखवणारा, डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी बघा.

लग्नाबाहेरची कामंही ओळखीतूनच येतात. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचे प्रॉडक्ट फोटो, जालन्याच्या बियाणे कंपन्यांचे शेतातले फोटो, लातूरच्या क्लासेसचे निकालाचे सत्कार. इथं चूक उलटी होते: ओळखीचं काम आहे म्हणून आपण कागदच करत नाही. मग बिल अकाउंट्समध्ये अडकतं आणि ज्या ओळखीच्या माणसानं काम दिलं त्यालाच आपण रोज फोन करत सुटतो. तो बिचारा परचेसमध्ये असतो, त्याच्या हातात चेक नसतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचं बिल २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नंतर व्याज चढतं. बिलावर उद्यम नंबर छापा आणि तगादा अकाउंट्सला लावा, ओळखीला नाही.

कार्यालयाच्या मॅनेजरला कमिशन द्यावं का? हे मला सगळे विचारतात. मी देत नाही, कारण ते शेवटी अल्बमचा कागद हलका वापरूनच निघतं. माझा मॅनेजरशी व्यवहार वेगळा आहे: हॉल सजवला की रिकाम्या स्टेजचे चांगले फोटो काढून देतो. त्याला गिऱ्हाईकाला दाखवायला ते लागतातच. कमिशन देणारे उपाशी नाहीत, हेही खरं.

लॅबकडून अल्बमचं पान उलटं लागून आलं तर गिऱ्हाईकासमोर फोन लावून आरडाओरडा करू नका. पार्टी गेल्यावर बोला. ऐन सीझनमध्ये तोच माणूस रात्री अकराला तुमची फाइल मशीनवर आधी घेतो आणि सकाळच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकतो.

आषाढी एकादशीनंतर लग्नाच्या तिथी नसतात, तेव्हा मी वही उघडून बसतो आणि कुणाशी हिशोब, कुणाशी बोलणं राहिलंय ते काढतो. यंदा दोन नावं उरलीत. एक लॅबवाला, त्याच्याशी नुसता चहा प्यायचाय. दुसरा केजचा ड्रोनवाला. वरातीच्या वेळी पाऊस आला, उडवता आलं नाही, म्हणून मी त्याचे पाचशे कापले होते. तो मात्र गाडीला पेट्रोल घालून आला होता आणि रात्री दहापर्यंत थांबला होता. पाकिटात घालून ठेवलेत, सोमवारी जाईन.