‘नूब’चा उगम सांगताना या चुका टाळा

दोन रील बघून शब्दांचे जाणकार झालेल्यांची मला आता धास्तीच वाटते. ऑनलाइन गेममध्ये अनाडी खेळाडूला हिणवायला वापरतात तो ‘नूब’ कुठून आला असं विचारायचा अवकाश, की उत्तर येतं: ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेममधल्या नूब सायबॉट या पात्रावरून!

हसत नाही, कारण हीच माती मीही खाल्ली आहे. सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजूषा माझ्याकडे होती. याच उत्तराला दहा गुण देऊन मी मोकळा झालो. आठवीतला एक मुलगा उठला, फळ्यावर ते नाव रोमन लिपीत लिहिलं, Noob Saibot, आणि म्हणाला, “काका, आता उलटं वाचा.” टोबायस, बून. जॉन टोबायस आणि एड बून, म्हणजे गेमचे दोन कर्ते. १९९३च्या दुसऱ्या भागातल्या छुप्या पात्राला त्यांनी आपलीच आडनावं उलटी करून दिली होती. शिवीशी काडीचा संबंध नाही. बक्षीस तोवर वाटून झालेलं. पोराला खिशातलं पेन दिलं. तेव्हापासून गमतीदार व्युत्पत्ती ऐकली की वहीत आधी पेन्सिलीने लिहितो.

खरी वाट साधी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक नव्या भिडूला ‘न्यूबी’ म्हणत. पुढे हा शब्द यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर, रुळला. तिथे दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, वाट्टेल ते विचारायची आणि जुने वैतागायचे. १९९३नंतर लोंढा इतका वाढला, की तो सप्टेंबर संपलाच नाही असं ते म्हणू लागले. ‘न्यूबी’चा ‘न्यूब’, त्याचा ‘नूब’.

‘नूब’ म्हणजे कुठल्यातरी शब्दांची आद्याक्षरं, असं सांगून शब्द फोडणारे: नका.

‘n00b’ असं लिहिलेलं, मधली दोन शून्यं बघून त्यात सांकेतिक अर्थ शोधणारे: ती ‘ओ’च्या जागची शून्यं आहेत, अक्षराऐवजी आकडा लिहायची हौस.

आणि ‘नूब म्हणजे नवखा’ असं लिहून हात झटकू नका. न्यूबी नवखा असतो, शिकतो. नूब वर्षभर खेळूनही तेच करतो, वर टीममेटवर खेकसतो. निदान जुन्या खेळाडूंनी तरी हा फरक पाळला. आता बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये हरलेला प्रत्येक जण दुसऱ्याला नूब म्हणतो, तो भाग वेगळा.

‘नूब’ला मराठीत ‘कच्चं लिंबू’ म्हणणाऱ्यांवर तर माझा खास राग. कच्च्या लिंबाला आपण खेळायला घ्यायचो, आणि आउट झालं तरी आउट धरायचो नाही.