कामावर अपघात झाला, तर भरपाई किती दिवस मिळते? नाशिकच्या कामगारांसाठी मार्गदर्शन

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोट सापडतं, सिन्नरला माल उतरवताना पाय मोडतो आणि घरात पहिला प्रश्न येतो: आता पगाराचं काय, आणि किती दिवस? याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. तुम्हाला कोणता कायदा लागू आहे, आणि पहिल्या दिवशी कागदावर काय लिहिलं गेलं.

आधी पगाराची पावती बघा

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून 0.75 टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना) कापला जात असेल, तर तुमचा हक्क ईएसआयकडे आहे. कामाला लागून दोनच दिवस झाले असले तरी अपघाताचा लाभ मिळतो, त्यासाठी किमान वर्गणीची अट नाही. ठेकेदाराकडून लागलेल्यांनाही हेच लागू. मालकाने वर्गणी भरलीच नसेल, तरी तो तुमचा दोष धरला जात नाही. ईएसआय महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

त्याच दिवशी नोंद करून घ्या

सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हे नीट वाचा. अपघात झाल्याबरोबर सुपरवायझरला सांगा, अपघात नोंदवहीत तारीख, वेळ, मशीन आणि साक्षीदारांची नावं लिहून घ्या आणि कंपनीने ईएसआयला अपघाताचा अहवाल पाठवला का, ते विचारा. स्वतः जाणं शक्य नसेल तर घरच्या माणसाला किंवा सोबतच्या कामगाराला पाठवा.

काही ठिकाणी “रिपोर्ट नको, आजारपणाची रजा टाक, पैसे मिळतील” असं समजावलं जातं. ऐकू नका. आजारपणाचा लाभ वेतनाच्या 70 टक्के असतो आणि साधारणपणे वर्षात 91 दिवसच मिळतो. कामावरच्या अपघाताचा लाभ 90 टक्के असतो आणि त्याला दिवसांची मर्यादा नाही. डॉक्टर जोवर कामाला अयोग्य ठरवतात, तोवर तो चालू राहतो. तुमचं सरासरी रोजचं वेतन 600 रुपये असेल तर एका नोंदीमुळे 420 ऐवजी 540 रुपये मिळतात, आणि 91 दिवसांनंतरही मिळत राहतात. हाताच्या दुखापतीत दुसरं ऑपरेशन लागलं की चार-पाच महिने सहज जातात. तेव्हा हा फरक घर चालवतो.

अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं पाहिजे, एवढी अट आहे.

दाखल्यांची साखळी तुटू देऊ नका

पैसे ईएसआय डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळतात. पहिल्या दाखल्याची मुदत संपण्याआधी पुढच्या तपासणीला जा. सातपूरला ईएसआय रुग्णालय आहे. खासगी दवाखान्यात उपचार घेतले असतील तर सगळे कागद घेऊन ईएसआय डॉक्टरांना दाखवा. लाभ चालू असताना कुठेही काम करू नका, आणि गावी जायचं असेल तर आधी परवानगी घ्या. फिट दाखला मिळण्याआधी “बसून करायचं काम देतो” म्हणून बोलावलं तरी जाऊ नका. ज्या दिवशी काम कराल, त्या दिवसाचा लाभ जातो.

कायमचं अपंगत्व राहिलं तर

बोट तुटलं, सांधा आखडला, तर मेडिकल बोर्डाकडे प्रकरण पाठवायला सांगा. कमाईची क्षमता किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, आयुष्यभर. पुन्हा कामावर रुजू झालात तरी ती बंद होत नाही. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते बोर्डापुढे जातच नाहीत. टक्केवारी कमी वाटली तर अपील करता येतं.

ईएसआय नसेल तर

पगार मर्यादेपेक्षा जास्त असलेले, ईएसआय लागू नसलेले बांधकामावरचे मजूर, द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर फवारणी करणारे अशांची भरपाई मालकाने द्यायची असते. 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण मूळ हिशेब तोच आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम, अपंगत्व असेपर्यंत किंवा 5 वर्षं, यातलं जे आधी संपेल तोवर. 14,000 वेतन धरलं तर पंधरवड्याला 3,500. पहिले तीन दिवस वगळले जातात. मात्र अपंगत्व 28 दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून मोजतात. कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी भरपाई असते, ती वेतन आणि वयावरून काढतात. उपचाराचा खर्चही मालकाकडेच.

मालक टाळाटाळ करत असेल तर दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा. तो कुठे द्यायचा ते नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात विचारा. जाताना दवाखान्याची बिलं, पगाराचा पुरावा आणि साक्षीदारांचे फोन नंबर सोबत न्या. पगार रोखीने मिळत असेल तर हजेरीचे फोटो किंवा मुकादमाचे मोबाइलवरचे मेसेजही जपून ठेवा.